परतीचं रक्त

रक्त तपासायला गेलं की लॅबमधली मुलगी दंडाला रबराची पट्टी आवळते, मूठ मिटायला सांगते आणि कोपराच्या खोबणीत बोटाने टिचक्या मारत बसते. माझी व्हेन, म्हणजे शीर, सहजासहजी मिळत नाही. मग डावा हात, पुन्हा उजवा, शेवटी मनगटाच्या मागे. सुई बघायची नाही म्हणून मी भिंतीवरच्या रक्ताभिसरणाच्या तक्त्याकडे बघतो. त्यात शुद्ध रक्त तांबडं, अशुद्ध रक्त निळं. शेजारी नळीत चढणारं माझं रक्त मात्र काळपट लाल. निळं रक्त माणसाच्या अंगात कधीच नसतं. कातडीतून परतणाऱ्या उजेडामुळे शिरा तशा भासतात, एवढंच.

सगळं कौतुक असतं ते हृदयातून रक्त बाहेर नेणाऱ्या रोहिण्यांचं; शिरा ते परत आणतात. त्या जाडजूड, स्नायूंच्या, खोलवर जपून ठेवलेल्या. वैद्य तीन बोटं ठेवतात ती त्यांच्यावर, ब्लडप्रेशर मोजतात तेही त्यांचंच. शिरांच्या वाट्याला टोचणं तेवढं येतं. खरं तर कुठल्याही क्षणी अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त या पातळ भिंतींच्या शिरांतच असतं. हृदयाचा जोर रोहिण्या आणि शिरांना जोडणाऱ्या केशवाहिन्यांतून जाता जाता जवळजवळ संपतो. त्या इतक्या अरुंद की तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग चोरूनच जावं लागतं. तिथून पुढे पायाच्या अंगठ्यापासून छातीपर्यंतचा चढ, आणि मागून रेटा असा नाहीच.

या चढाची मेख शिरांच्या आत आहे. हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा. हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगल्या की एखाद्या लांब शिरेवर बोटांकडच्या टोकाला एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे रक्त निपटून न्या. मग वरचं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो. वरचं रक्त मागे येत नाही, कारण वाटेत झडप आहे. आता खालचं बोट सोडा, शीर टचकन भरते. (आजीच्या हातावर हे फार छान दिसतं. फक्त आधी तिला विचारा.)

इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने हेच दंडाला पट्टी बांधून करून दाखवलं आणि १६२८ साली त्याची चित्रं छापली. त्या झडपा त्याचे इटलीतल्या पादुआचे गुरू फाब्रिसियस यांनी आधीच पाहिल्या होत्या. रक्त हातापायांत एकदम साचू नये म्हणून त्या त्याला अडवतात, असं गुरूंचं मत. झडपांची तोंडं हृदयाकडे उघडतात याचा अर्थ शिष्याने लावला. तोवर प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनच्या मताप्रमाणे रक्त यकृतात तयार होई आणि अंगात जिरून जाई. हार्वेने साधा हिशोब मांडला: अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त पुढे ढकलतं तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं. इतकं रोज नव्याने बनवायला माणसाने खायचं तरी किती? म्हणजे तेच फिरून येत असणार. या पुस्तकानंतर लोक त्याला चक्रम म्हणू लागले, त्याची प्रॅक्टिस पडली, असं त्या काळचा चरित्रलेखक जॉन ऑब्रीने लिहून ठेवलंय. रोहिणीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून शिरतं हे मात्र हार्वेला दिसलं नाही. मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या १६६१ साली. हार्वे त्याआधी चार वर्षं वारला होता.

झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत, पण वर चढवत नाहीत. ते काम पोटऱ्यांचं. पाऊल पडलं की पोटरी आवळते, आतली शीर पिळली जाते आणि रक्त एक झडप वर सरकतं. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलीमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की तो २५ च्या खाली येतो. म्हणून दिवसभर चालून न सुजणारे पाय दर्शनाच्या रांगेत सुजतात. न्हावी, ट्रॅफिक हवालदार, ओट्याशी उभी बाई यांच्या पोटऱ्यांवर त्या वेड्यावाकड्या हिरव्यानिळ्या गाठी दिसतात, त्यात झडपा गळू लागलेल्या असतात. ऑफिसात त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात आणि रजा मिळते. घरी त्याला पाय दुखणं म्हणतात आणि मिळत नाही.

झेंडावंदनाला हमखास एक पोरगं धाडकन पडतं. ‘सकाळी काही खाल्लं नसेल’ हे बाईंचं ठरलेलं निदान. उपाशीपण असेलही. पण सावधानमध्ये ताठ उभं राहिल्यावर पाव तास-अर्ध्या तासात बरंचसं रक्त पायांकडे साचून राहतं, डोक्याला कमी पडतं आणि मूल आडवं होतं. आडवं होणं हाच त्यावरचा इलाज, त्यामुळे लगेच धरून उभं करू नये. आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबायची चिन्हं दिसली तर बुटातल्या बुटात बोटं आवळत, पोटऱ्या ताणत राहावं. पाहुण्यांना कळत नाही, पीटीच्या सरांनाही नाही.