७ सप्टेंबर १७५२

किशोरांसाठीची ऐतिहासिक रहस्यकथा संपादनाला आली की मी आधी तिच्यातल्या सगळ्या तारखा कागदावर उतरवते आणि वारांशी ताडून बघते. त्या दिवशी हातात होती १७७० सालच्या लंडनमध्ये घडणारी कादंबरी. बारा वर्षांची नायिका, वारलेल्या आजोबांचं घर आणि ते घर कारभाऱ्याला देऊन टाकणारं आजोबांचं पत्र. पत्र बनावट आहे हे कळतं ते शेवटच्या प्रकरणात, म्हातारा नोकर अचानक कबुली देतो म्हणून. मला ते पटत नव्हतं. कोडं मुलीनेच सोडवायला हवं.

पत्रावरची तारीख होती ७ सप्टेंबर १७५२. वार काढायला गेले आणि थबकले. ब्रिटनमध्ये हा दिवस उजाडलाच नव्हता!

युरोपातल्या बऱ्याच कॅथलिक देशांनी १५८२ पासून आज आपण वापरतो ते ग्रेगरियन कॅलेंडर घेतलं, ब्रिटन मात्र त्याआधीच्या जुन्या ज्युलियनलाच धरून राहिलं. ज्युलियन वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. ती मिनिटं साठत गेली आणि अठराव्या शतकात दोन कॅलेंडरांत ११ दिवसांचं अंतर पडलं. शेवटी पार्लमेंटने कायदा केला आणि बुधवार, २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट गुरुवार, १४ सप्टेंबर आला.

लगेच लेखिकेला फोन लावला.

“अगं बाई! मग १७ करून टाकते.”

“नका करू, ताई. हाच तर तुमचा पुरावा! कारभाऱ्याने अठरा वर्षांनंतर अंदाजाने तारीख घातली आणि तिथेच तो सापडला.”

मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. शेवटी एकदम कॅलेंडर बाहेर काढणं म्हणजे वाचकाशी लबाडी. दुवा आधी त्याच्या नजरेखालून जायला हवा. म्हणून दुसऱ्या प्रकरणात आजोबांची खर्चाची वही आली. तिच्यात २ तारखेनंतर एकदम १४. नायिकेला वाटतं, मधली पानं कुणीतरी फाडली. पण दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत, एकीखाली एक. चित्रकाराला ते पान जसंच्या तसं काढायला सांगायचं ठरलं. चौकस मूल नायिकेच्या आधी तिथे पोचेल, आणि पोचावंच.

ताईंना आता ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणणाऱ्या जमावाची दंगलही हवी होती. मी अडून बसले. तशा दंगलींचा भक्कम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. ही समजूत पसरली त्यात विल्यम होगार्थच्या १७५५ च्या चित्रातल्या घोषणाफलकाचा मोठा वाटा. मुलं कादंबरीत वाचलेलं इतिहास म्हणून जन्मभर लक्षात ठेवतात. ताईंनी थोडी कुरकुर केली, पण दंगल गेली.

कबुलीजबाबही गेला. म्हातारा नोकर मात्र राहिला. आता तो तिसऱ्या प्रकरणातच बढाई मारतो, “मी दोन तारखेला झोपलो तो चौदालाच उठलो!” आणि नायिका त्याला थापाड्या समजून पुढे निघून जाते.