आधी मांस, मग मोतीबिंदू

नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकत आलेला गुलाबी मांसाचा त्रिकोण माझ्या डाव्या डोळ्यात बरीच वर्षं होता. देवगड बंदरात त्याचं कोणाला नवल नाही. तांडेल म्हणजे बोट चालवणारे, खलाशी, वाळूत मासळी सुकवणाऱ्या बायका, पुष्कळांच्या डोळ्यांत तो दिसतो. वारा लागला की बोचायचं, लाल व्हायचं, पाणी यायचं. बोटीवरच्या डब्यात थेंबांची बाटली असतेच, ती सगळ्यांमध्ये फिरते.

त्रास वाढला तो रात्रीचा. समोरच्या बोटीचा दिवा एका बाजूला ओढल्यासारखा लांबट दिसायला लागला. तालुक्याला डोळे तपासले तेव्हा कळलं की त्याच डोळ्यात मोतीबिंदूही आहे. कोल्हापूरला दाखवा म्हणाले. माझी बहीण तिथेच असते, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत दोन्ही कामं एका दमात उरकायची आणि ऑगस्टला समुद्रात, असा माझा हिशेब.

कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडमनी तो पहिल्याच दिवशी मोडला. "काका, दोन्ही एकदम करणार नाही. आधी मांस, मग थांबायचं, मग मोतीबिंदू."

कारण त्यांनी मशीनच्या पडद्यावर दाखवलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, गोलाईला सगळीकडे सारखा हवा. मांस चढतं त्या बाजूला तो चपटा होतो, आणि डोळ्याला सिलिंडरचा नंबर लागतो, म्हणजे एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं त्याचा चष्म्याचा नंबर. माझा दिवा लांबट दिसायचा तो बऱ्याच अंशी यामुळे. मोतीबिंदू काढल्यावर आत जी लेन्स बसवतात तिचा नंबर दोन मापांवरून ठरतो: डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा बाक. मांस असताना घेतलेलं माप त्या वाकड्या कॉर्नियाचं. मांस काढलं की कॉर्निया हळूहळू पूर्वीच्या आकाराकडे येतो आणि बसवलेली लेन्स चुकीच्या नंबराची ठरते. हे ऐकल्यावर घाई करण्यात काही अर्थ उरला नाही. माझ्या ओळखीत मोतीबिंदूची ऑपरेशनं कितीतरी झाली, पण ही मापाची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

घरी वेगळीच चर्चा. आई म्हणाली, "पावसात डोळो कापून घेतंस? पिकतलो तो." थोरल्या काकांचं मांस पूर्वी एकदा काढलं होतं आणि ते परत, आधीपेक्षा जाड होऊन आलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, "काढ, पण परत येतला."

आईची शंका मॅडमनी हसून सोडवली: ऑपरेशन थिएटरला पावसाळा नसतो, घरी आल्यावर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढंच. काकांची शंका मात्र खरी होती. जुन्या पद्धतीत मांस कापून खालचा पांढरा भाग उघडाच सोडत. त्यात ते परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत 30 पासून 80 टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे. 1985 मध्ये केनियन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या पद्धतीचे निष्कर्ष छापले. वरच्या पापणीखाली डोळ्याचं पांढरं झाकणारी पातळ त्वचा असते. उन्हापासून वाचलेला तिचा एक तुकडा काढायचा आणि त्या उघड्या जागेवर लावायचा. आम्ही हापूसचं कलम बांधतो त्यातलाच प्रकार. यात परत येण्याचं प्रमाण बरंच खाली येतं, चांगल्या हातांत 10 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. शून्य नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

तुकडा चिकटवायचे तीन पर्याय होते. टाके सगळ्यांत जुने, पण ते बोचत राहतात. दुसरा फायब्रिन ग्लू. तो माणसाच्याच रक्तातल्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांपासून बनवतात आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. तिसरा, रोग्याच्या स्वतःच्या रक्तावर तुकडा बसवायचा आणि ते गोठेपर्यंत धरून ठेवायचं. मॅडमनी माझ्यासाठी तिसरा निवडला.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. डोळ्याखाली एक इंजेक्शन, तेवढंच काय ते दुखलं. तोंडावर हिरवं कापड, त्याला एका डोळ्यापुरतं भोक, आणि वर दिवा. आतलं काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मध्येच मॅडम नर्सला म्हणाल्या, "पुसू नको, येऊ दे थोडं." रक्त पुसू नको असं सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच ऐकला! मग डोळा मिटून नुसतं थांबायचं. तेवढ्या वेळात पेटीचा भाव काय होता आणि देवगडच्या नावाने बाजारात कुठला कुठला आंबा विकतात, यावर माझ्याकडून व्याख्यान झालं.

पहिल्या दोन रात्री वाईट गेल्या. डोळ्यात वाळू भरल्यासारखं वाटतं आणि दुसरा डोळा हलवला तरी पट्टीखाली कळ येते. मोतीबिंदूपेक्षा हे जास्त दुखतं, हे आधी माहीत असलेलं बरं. पहिले काही दिवस डोळा चोळायचा नाही, नाहीतर तुकडा सरकतो. फोंडा घाटात दरडीची भीती होतीच, म्हणून पहिल्या तपासण्या होईपर्यंत बहिणीकडेच राहिलो. डोळा बरेच दिवस लालबुंद होता. समोर येणारा प्रत्येक जण दचकायचा.

थेंब महिन्याहून जास्त चालले, हळूहळू कमी करत. त्यात स्टेरॉइड असतं, म्हणून दर भेटीत डोळ्याचा दाब मोजायचे. तेव्हाच मॅडमनी बोटीवरच्या बाटलीची चौकशी केली. मेडिकलमधून विचारून आणलेल्या अशा बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली झटकन जाते म्हणून लोक ते वर्षानुवर्षं घालतात, आणि त्यातून दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ती बाटली आता आमच्या बोटीवर नाही.

माप जुलैच्या शेवटी घेतलं, मग पुन्हा गणपतीनंतर. चतुर्थीच्या आधी कोकणातला माणूस दवाखान्यासाठी हलत नाही, हे मॅडमना सांगावं लागलं नाही. दोन्ही मापं जुळली. साडेतीनच्या पुढे असलेला सिलिंडर एकच्या आत आला होता. जूनमध्येच लेन्स बसवली असती तर काय झालं असतं, ते आकडेच सांगत होते.

लेन्स निवडताना समजावून सांगणाऱ्या मुलीने मल्टिफोकलची माहिती दिली. लांबचं, जवळचं दोन्ही दिसतं, चष्मा जवळपास सुटतो. ऐकायला छान. मॅडमनी फक्त विचारलं, "रात्री बोट तुम्हीच चालवता ना?" त्या लेन्समध्ये बऱ्याच जणांना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. अंधारात समोरून येणारी बोट कुठे वळते आहे, हे तिच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखणाऱ्याला ती कडी परवडत नाहीत. मी साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स घेतली, लांबच्या नजरेची. जाळ्याची गाठ बघायला चष्मा लागतो, लागू दे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यामानाने किरकोळ वाटलं. तीन मिलिमीटरहून लहान छेद, ध्वनिलहरींनी आतला मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायचा, घडी केलेली लेन्स आत सोडायची, टाका नाही. माझ्या आजीच्या वेळी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस निजवत, आणि नंतर जन्मभर तो जाड भिंगाचा चष्मा. हॅरॉल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरने लंडनमध्ये 1949 सालीच पहिली कृत्रिम लेन्स बसवली होती, पण आजीपर्यंत ती पोचली नाही.

आता गॉगलशिवाय बोटीवर चढायचं नाही, असा दंडक आहे. नुसती काळी काच उपयोगाची नाही. अतिनील किरण अडवणारी, 400 नॅनोमीटरपर्यंतची खूण असलेली काच हवी, आणि बाजूनेही झाकणारी. बाजूने शिरलेला उजेड कॉर्निया नाकाकडच्या कडेवर एकवटतो, म्हणून मांस बहुधा त्याच बाजूला उगवतं, असं मॅडम सांगतात. पाण्यावरून उलटं येणारं ऊन टोपीने अडत नाही. खलाशी पहिले आठ दिवस "हिरो" म्हणाले, नंतर दोघांनी दुकानाचा पत्ता विचारला.

उजव्या डोळ्यातही लहानसं मांस आहे. ते बुबुळाच्या कडेशीच थांबलंय, म्हणून हात लावायचा नाही. दर वर्षी फोटो काढून मागच्या फोटोशी ताडायचं. पुढची तारीख मेच्या शेवटच्या आठवड्यातली मागून घेतली आहे, बोट किनाऱ्याला ओढायच्या आधीची.