लोगो आला आणि बारकोड रुसला

"लोगो घातल्यापासून निम्मी लेबलं वाचलीच जात नाहीत, साहेब. स्कॅनर नवा, रिबन नवी." गिऱ्हाइकाचा फोन होता. लेबल प्रिंटर बसवणं आणि ते अडले की धावणं हेच माझं काम, त्यामुळे निघालो.

लेबल दिसायला झकास होतं. ५० मिलिमीटर रुंद, डावीकडे लोगो आणि ज्वालाग्राही मालाची खूण, उजवीकडे ईएएन-१३ म्हणजे दुकानातल्या मालावर असतो तो १३ आकडी बारकोड, छपाई काळीभोर. पहिला संशय कोऱ्या जागेवर. या बारकोडला डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल जागा मोकळी लागते; मॉड्यूल म्हणजे सर्वांत बारीक रेघेची जाडी. लोगो तिच्यात जरा घुसलाही होता. पण पांढऱ्या कागदाने तो झाकला, तरी स्कॅनर ढिम्म.

मग भिंग लावलं. ज्या रेघा एकाच जाडीच्या हव्यात, त्यांतल्या काही बारीक, काही जाड, आणि कडा करवतीसारख्या. डिझाइनची फाइल उघडायला लावली आणि उलगडा झाला. लोगो बसवताना डिझायनरने बारकोडसकट अख्ख्या लेबलचं एकच जेपीजी करून पाठवलं होतं. त्यातून मापात बसेना म्हणून कुणीतरी कोपरा धरून ओढलेलंही होतं.

अशा चित्रात रेघांच्या कडा करड्या होतात, पण थर्मल हेडला, म्हणजे प्रिंटरच्या उष्णतेने छापणाऱ्या भागाला, करडा रंग ठाऊक नसतो. ठिपका जळतो किंवा जळत नाही. हे हेड २०३ डीपीआयचं, म्हणजे इंचाला २०३, मिलिमीटरला ८ ठिपके. नेहमीच्या आकाराच्या ईएएनची सर्वांत बारीक रेघ ०.३३ मिलिमीटर, म्हणजे २.६४ ठिपके. आता ०.६४ ठिपका कोण छापणार? काही रेघा २ ठिपक्यांच्या झाल्या, काही ३ च्या. लोगोत एवढा फरक डोळ्यांना कळतही नाही, बारकोडचा मात्र त्यात निकाल लागतो.

लोगो आणि खूण निव्वळ काळ्यापांढऱ्या चित्रात बदलून प्रिंटरच्या मेमरीत टाकली. बारकोड चित्रातून काढला, फक्त आकडे पाठवले आणि रेघा प्रिंटरलाच काढू दिल्या, प्रत्येक मॉड्यूल नेमका ३ ठिपक्यांचा. लेबलं धडाधड वाचली जाऊ लागली.

पण ३ ठिपके म्हणजे ०.३७५ मिलिमीटर. कोऱ्या जागेसकट बारकोड ४२ मिलिमीटरच्या वर गेला आणि लोगोला बारकोडच्या डोक्यावर, लहान होऊन बसावं लागलं. मालकांना ते रुचलं नाही. ३०० डीपीआयचं हेड घेतलं तर ४ ठिपक्यांत रेघ जवळपास ०.३४ वर येते आणि शेजारी साडेअकरा मिलिमीटर जागा सुटते, असं सांगितल्यावर त्यांनी हेडचं कोटेशन मागितलं.