पाय रुतले आणि फोन खिशात गेले

क्योतोचे दोन दिवस देवळांत गेले. खोलीत कोंडून घ्यायचं आणि कोडी सोडवत बाहेर पडायचं, हा खेळ २००७ साली याच शहरात पहिल्यांदा रंगला. माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीला तो खेळायचाच होता. "पैसे देऊन कोण कोंडून घेतं?" म्हणत मी तिला आणखी एक देऊळ दाखवलं.

तोक्योत तिने उट्टं काढलं. युरिकामोमे नावाच्या बिनचालकाच्या रेल्वेगाडीने शिन-तोयोसु स्थानकावर उतरवलं आणि थेट टीमलॅब प्लॅनेट्स या प्रकाश आणि पाण्याच्या संग्रहालयाच्या रांगेत नेऊन उभं केलं. हे २०१८ मध्ये उघडलं ते दोनेक वर्षांपुरतं. मुदत वाढत वाढत अजून चालूच आहे. रांगेत बहुतेक सगळे विशीतले, सगळ्यांच्या हातात फोन. ही पिढी बघायला येतच नाही, फोटो न्यायला येते, असं मी पुटपुटले. भाचीने ऐकलं, पण उत्तर दिलं नाही.

बूट-मोजे लॉकरमध्ये. आयुष्यभर संग्रहालयांत 'हात लावू नये' वाचत आले, इथे सांगतात कपडे गुडघ्याच्या वर घ्या. मी नेमकी सलवार घालून गेलेले. ती खोचून, अनवाणी, वाहत्या पाण्याचा अंधारा चढ चढले आणि पुढच्या दालनात पाऊल टाकलं तर पाऊल खालीच गेलं.

जमीनच मऊ. गादीवर गादी रचावी तशी. पाऊल उचलावं तर दुसरं रुतायचं. बरं, आपण कसेबसे सावरून उभे राहिलो की शेजारून कुणी तरी जायचं आणि त्याच्या वजनाने आपल्याखालची जमीन कलायची. तिथली गंमतच ती आहे. एकट्याला ती कळणार नाही, दुसऱ्याचं वजन लागतं. मी तीन पावलांत बसले. बसले कसली, आपटले. माझ्या धक्क्याने पलीकडची दोन मुलं कोलमडली, त्यांच्यावर एक मुलगी. क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती तिघं खिदळायला लागली आणि मीही. भाषा एकमेकांची कुणालाच येत नव्हती. त्यांतल्या एकाने रांगत येऊन हात दिला. मला उठवताना तो पुन्हा पडला. तेव्हा लक्षात आलं, इथे एकाचाही फोन बाहेर नाही. तोल सांभाळायला दोन्ही हात लागतात ना.

पुढे गुडघाभर पाण्यात प्रकाशाचे कोई मासे होते. माणसावर आपटले की त्यांची फुलं होतात. हे चित्र आधी काढून ठेवलेलं नसतं, संगणक ते तिथल्या तिथे रेखाटतो आणि ते पुन्हा तसंच कधी उमटत नाही. शेवटच्या घुमटाखाली सगळे अनोळखी लोक फरशीवर शेजारी शेजारी आडवे पडून वर फुलं बघत होते. मीही पडले. उठताना गुडघ्याने साथ दिली नाही, तो भाग वेगळा.

संध्याकाळी भाचीने मला पुरिकुराच्या खोक्यात कोंबलं. १९९५ साली आलेलं हे फोटोयंत्र शाळकरी मुलींनीच डोक्यावर घेतलं. यंत्राने माझे डोळे बशीएवढे केले आणि सुरकुत्या पुसल्या. भाची त्यावर पेनाने जपानीत काही तरी लिहीत होती. काय लिहितेस विचारलं तर म्हणाली, "मावशी धप्पकन पडली."

ती फोटोंची पट्टी पर्समध्ये आहे. देवळांचे फोटो अजून बघितलेले नाहीत.