फॉर्मवर मी ‘नाही’वर खूण केली

लस घेण्याआधी भरायच्या फॉर्मवरचा प्रश्न साधा होता. ‘प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेता का?’ मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि फॉर्म सिस्टरच्या हातात दिला.

तेव्हा मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेत होते, रोज सकाळी ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेत होते आणि दोनेक महिन्यांत मला रिटुक्सिमॅब हे सलाईनमधून द्यायचं नवं औषध सुरू होणार होतं. पण माझ्या लेखी त्या दोन्ही ‘सांध्यांच्या गोळ्या’. नऊ वर्षं संधिवातात काढल्यावर औषध आजाराच्या नावानेच ओळखीचं होतं, ते आत प्रतिकारशक्ती दाबतं हे डोक्यातून जातं. शिवाय डॉक्टर म्हणाले होते, रिटुक्सिमॅबने प्रतिकारशक्ती कमी होईल. म्हणजे पुढे होईल. आत्ता कुठे?

फॉर्म वाचून सिस्टर मायेने म्हणाली, “ताई, सुईची भीती वाटत असेल तर फ्लूची नाकात मारायची पण आहे. दुखत नाही.” मी खूश. तिने खोका टेबलावर ठेवला आणि ती दुसऱ्या कुणाशी बोलायला वळली. वेळ जावा म्हणून मी खोका फिरवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जिवंत, क्षीण केलेले विषाणू’.

पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेला कागद होता. वर लाल पेनाने एकच ओळ: जिवंत लस नको. मी फॉर्म परत मागितला. चूक माझी होती, तिची नव्हती. तिने तर फॉर्ममध्ये लिहिलं होतं तेच खरं धरलं.

हे चार दिवस आधीच्या भेटीतून सुरू झालं. नव्या औषधाची चर्चा संपताना डॉक्टरांनी विचारलं, “लसी कुठल्या झाल्यात?” मी म्हणाले, “मला तर लसी चालतच नाहीत ना?” हे मला कुणी सांगितलं होतं, आठवत नाही. पण मागची दोन वर्षं त्याच समजुतीवर मी फ्लूची लस टाळली होती. आजाराने प्रतिकारशक्ती आधीच अधू, त्यात लस कशाला टोचून घ्यायची, असा माझा हिशोब.

डॉक्टरांनी तो हिशोब उलटा केला. जिवंत लसीत रोगजंतू क्षीण केलेला असतो, पण तो शरीरात थोडा तरी वाढतो. त्याला आवरणारी यंत्रणाच दबलेली असेल तर धोका. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप, नाकातली फ्लूची, तोंडातून द्यायची पोलिओची, क्षयरोगाची बीसीजी, या त्या गटातल्या. इंजेक्शनची फ्लूची, न्यूमोनियाची, हिपॅटायटिस बीची, नागिणीची नवी लस यांत वाढू शकेल असं काही नसतंच. त्यांच्याबाबत आमच्यासारख्यांची काळजी वेगळी: लस लागू पडेल का?

आणि तिथेच तारखांचा खेळ. रिटुक्सिमॅब बी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) संपवतं, आणि लसीनंतर रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवायची ती याच पेशींनी. त्यामुळे निष्क्रिय, म्हणजे जिवंत नसलेल्या, लसी त्याआधी निदान दोन आठवडे, जमलं तर चार आठवडे संपायला हव्यात. जिवंत लस द्यायचीच असेल तर चार आठवडे आधी, तेही प्रकृती पाहून. एकदा औषध गेलं की सहाएक महिने बऱ्याच लसींचा उपयोग तोकडाच. “म्हणून आधी लसी, मग औषध. तोवर सांधे रेटायला लागतील,” ते म्हणाले. रेटायला लागतील हे त्यांना म्हणायला काय जातं, असं तेव्हा मनात आलं.

मला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का, हा प्रश्न आईवर आला. फोन केला. “तुम्हा दोघींपैकी एकीला झाल्या होत्या. अंगभर. तुला की धाकटीला, ते मात्र…” शेवटी रक्त तपासलं. प्रतिपिंडं सापडली, म्हणजे मलाच झाल्या होत्या. जिवंत लसीचा प्रश्न तिथेच मिटला. त्याच रक्तातून हिपॅटायटिस बीही तपासला; जुना विषाणू यकृतात दबा धरून असेल तर रिटुक्सिमॅब त्याला उठवू शकतं, म्हणून ही तपासणी टाळायची नसते. माझी निगेटिव्ह आली.

कांजिण्यांच्या लसीची एक गोष्ट मला तेव्हा कळली. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी ती १९७४ मध्ये पुढे आणली. ज्या मुलाच्या अंगावरून विषाणू घेतला त्याच्या आडनावावरून त्या वाणाला ‘ओका’ म्हणतात. ही जिवंत लस सुरुवातीच्या वर्षांतच रक्ताच्या कर्करोगातून सावरणाऱ्या मुलांमध्येही वापरून पाहिली गेली, कारण कांजिण्यांनी सर्वाधिक धोका त्यांनाच होता. म्हणजे ‘जिवंत नको’ हा माझ्या कागदावरचा नियम सगळ्यांना सरसकट लागू नाही. प्रतिकारशक्ती किती दबली आहे त्यावर सगळं. उदाहरणार्थ, प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा अधिक घेतलं की ते जोरदार दमन धरतात.

फ्लूची दंडात घेतली. नंतरचे मेथोट्रेक्सेटचे दोन साप्ताहिक डोस डॉक्टरांनी थांबवले, लस नीट लागावी म्हणून. (हे आपल्या मनाने करायचं नाही, आजार शांत आहे का ते पाहून तेच ठरवतात.) दुसऱ्या आठवड्यात सकाळी कुडत्याची बटणं लागेनात. अंगठा आणि तर्जनी जवळच येत नव्हती. वरची दोन तशीच सोडली आणि ओढणी घेतली.

नागिणीच्या लसीने खरी परीक्षा घेतली. दोन डोस, एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात. आमच्यासारख्यांना एक-दोन महिन्यांतही चालतं. पहिल्याच रात्री हुडहुडी, ताप, दंड उचलवेना. मला वाटलं, संधिवात उसळला. फोनवर डॉक्टरांनी एकच विचारलं, “सांधे सुजलेत की अंग दुखतंय?” मी बोटं दाबून पाहिली. सूज नव्हती. पॅरासिटामॉल घेतली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक लागली. दुसऱ्या डोसच्या दुसऱ्या दिवसासाठी मी आधीच सुट्टी टाकून ठेवली होती.

मध्येच धाकटीचा फोन. तिचं बाळ दोन महिन्यांचं. “ताई, तू येणार असशील तर याच्या लसी पुढे ढकलू का?” मी ते डॉक्टरांना विचारलं. ते जवळजवळ ओरडलेच. घरातल्यांच्या लसी वेळेवर झाल्या तर रोग माझ्यापर्यंत येण्याची शक्यता कमी होते. गोवराच्या लसीचा विषाणू तिच्या बाळाकडून मला लागत नाही. कांजिण्यांच्या लसीनंतर पुरळ उठलं तरच ते जाईपर्यंत लांब राहायचं. जुलाबांवरच्या रोटाव्हायरस लसीच्या थेंबांतला विषाणू शीतून बाहेर पडतो, तेव्हा डायपर दुसऱ्याने बदलायचा आणि हात धुवायचे. तोंडातून पोलिओ द्यायचा असेल तर मात्र आधी विचारायचं, इंजेक्शनची लस मिळते का ते पाहायचं.

रिटुक्सिमॅबचं पहिलं सलाईन शेवटच्या लसीनंतर चार आठवड्यांनी लागलं, दुसरं त्यानंतर दोन आठवड्यांनी. त्याआधीही एक फॉर्म आला. या वेळी ‘हो’वर खूण केली आणि खाली औषधांची नावं मात्रेसकट लिहिली, जागा पुरली नाही, समासात लिहिली.

मग धाकटीकडे गेले. दारातच तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “परवाच रोटाव्हायरसचे थेंब दिलेत. डायपर माझा, खेळवणं तुझं.”