टीआरपीव्ही१ ची अँटीबॉडी घेताय? आधी हे बघा

सांगलीत ठेचा खाल्ला की तोंड पोळतं ते ज्या आयन चॅनलमुळं (पेशीच्या पडद्यातलं, आयन आत-बाहेर सोडणारं प्रोटीनचं दार), ते हे टीआरपीव्ही१. डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं १९९७ मध्ये त्याचं जीन शोधलं, २०२१ ला नोबेलपण मिळालं. आमच्या इथल्या एमएस्सीच्या पोरी यावर काम करायचं म्हणतायत, त्यासाठी अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीनला चिकटून ते दाखवून देणारं प्रोटीन) लागते, म्हणून लिहितेय.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीनं जेलमधून आकारानुसार वेगळी करतात आणि अँटीबॉडी चिकटते तिथं पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. हे प्रोटीन साधारण ९५ किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं एकक) वजनाचं, पण साखरेच्या साखळ्या जोडल्या की बँड वर सरकतो, त्यामुळं दोन बँड दिसले म्हणून लगेच अँटीबॉडीला नावं ठेवू नका, आणि सॅम्पल उकळायची सवय असते ना सगळ्यांना, त्यात असली मेंब्रेन (पेशीच्या पडद्यातली) प्रोटीनं गोळा होऊन जेलमध्ये नीट शिरतच नाहीत, कमी तापमानाला ठेवून बघा. त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आत असतात, म्हणजे टोकाला चिकटणारी अँटीबॉडी असेल तर अख्ख्या पेशी रंगवताना ती आत जायला डिटर्जंटनं पेशीला भोकं पाडावीच लागणार.

सगळ्यात महत्त्वाचं नॉकआउट उंदराचा (म्हणजे हे जीनच बंद केलेल्या उंदराचा) टिश्यू! तिथंही तोच बँड आला तर ती दुसरंच काहीतरी पकडतेय. ब्लॉकिंग पेप्टाइडनं (अँटीबॉडी ज्या तुकड्याला चिकटते तोच तुकडा आधी तिच्यात मिसळून) सिग्नल गेला एवढ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, चुकीच्या प्रोटीनवरचा सिग्नलपण त्यानं जातोच की. उंदीर मिळत नसेल तर एचईके२९३ पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) घ्या, जीन घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्ही एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवा.