अर्धवट घरटं
लहानपणापासून प्राण्यांवरचे माहितीपट बघत आले, पण त्यात सुगरणीचं घरटं दोन मिनिटांत पूर्ण होतं. यंदा आषाढात मामाच्या विहिरीवरच्या बाभळीखाली तीन दिवस पहाटे बसले. नाव सुगरण, विणणारा मात्र नर. पिवळ्या डोक्याचा तो घरटं निम्मंच विणतो आणि लोंबकळत पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी आत शिरते, चोच लावून बघते. पसंत पडलं तरच तो पुढची नळी विणतो, मग दुसरं घरटं, दुसरी मादी. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला हेच टिपलं होतं. एका घरट्याकडे कुणीच फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं हिरवं गवत वाळलं होतं, आणि नर शेजारच्या फांदीला नवी गाठ मारत होता.